खर्जाची तार



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला निमंत्रण दिले तेव्हा त्यांची अशी समजूत असावी की, मी हमालांच्या मजुरीवर किंवा जिनिंग-प्रेसिंगमधील कंत्राटी कामगारांवर बोलेन. तो तर माझा रोजचाच उद्योग आहे. पण दिवसभराच्या उन्हातून निघून संध्याकाळी आपण मंडळी येथे येता ती काही नवे कानावर पडावे म्हणून. तेव्हा आज मी एका वादकाविषयी बोलावयाचे ठरविले आहे. हा वादक दिल्लीचा आहे, त्याचे संगीत रॉक या नावाने ओळखले जाते, आणि त्याचे वाद्य म्हणजे बास गिटार. वाढोण्याच्या माणसांना (जुनी मंडळी हिमायतनगरला अजून वाढोणाच म्हणतात) या गृहस्थाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील तर तो प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी तासाभरात द्यावयाचा प्रयत्न करणार आहे. मी संगीताचा पंडित नाही. माझे शिक्षण वाचनालयात आणि मोर्चात झालेले. तेव्हा बोलता बोलता मी शेवटी मजुरीवर आलो, तर आपण मला क्षमा कराल अशी आशा आहे.

प्रथम हे वाद्य काय आहे ते पाहू. साधी गिटार आपण सर्वांनी पाहिली आहे. तिला सहा तारा असतात. बास गिटारीला बहुधा चारच असतात, पण त्या जाड, आणि त्यांचा सूर साध्या गिटारीहून एक सप्तक खाली. सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात. माणसाचा कान सुमारे २० कंपनांच्या खाली ऐकू शकत नाही, म्हणजे हा सूर ऐकू येण्याच्या उंबरठ्याशी बसलेला आहे. पूर्वी हे काम डबल बास नावाचे, माणसाहून उंच, उभे धरून वाजवायचे लाकडी वाद्य करीत असे. ते वाहून न्यायलाच एक हमाल लागावा! १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर नावाच्या, मुळात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या, माणसाने विजेवर चालणारी आणि गळ्यात अडकविता येणारी बास गिटार बाजारात आणली, आणि पुढे सारे रॉक संगीत तिच्यावर उभे राहिले.

‘उभे राहिले’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. तंबोऱ्याला चार तारा असतात, त्यांतील शेवटची खर्जाची. गवई गात असताना तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते. पण ती उतरली, की गवई गाणे थांबवून आधी तिची खुंटी पिळतो. बास गिटारीचे काम याच जातीचे, पण थोडे अधिक. ती सूरही सांभाळते आणि लयही सांभाळते. एका बाजूला ढोल, दुसऱ्या बाजूला गाणारा. या दोघांचा हात एकमेकांच्या हातात देणारी ही मधली कडी आहे. वरचे सूर तेच ठेवून बासवाल्याने खालचा एक सूर बदलला, तर आनंदाचा भाव उदास होऊ शकतो, आणि ऐकणाऱ्याला ते कोणी केले याचा पत्ताही लागत नाही.

आपल्याकडे हे काम कोण करतो? गोंधळात आणि फडात तुणतुणेवाला करतो. आपल्या नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला फड येतात. तेथे राहुटीबाहेर दूर उभे राहून ऐकले तर शाहिराचा एक शब्द कळत नाही, पण ढोलकीचा घुमारा पोटात जाणवतो. आत गेले की डोळे नाचणारणीवर आणि सोंगाड्यावर. मागे उभे असतात ते तुणतुणेवाला, झांजवाला आणि झील धरणारे सुरते. आपण तर तुणतुण्याची थट्टाच केली आहे. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणाऱ्याला आपण म्हणतो, ‘याचे आपले एकच तुणतुणे’. पण मंडळी, सारी रात्र एकच सूर न ढळता धरून ठेवणे, हे काम थट्टेचे आहे काय? ज्याला शंका असेल त्याने ते घटकाभर करून पाहावे.

आता जगात या मागच्या माणसाची वाट काय लागली ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेत डेट्रॉइट हे मोटारींच्या कारखान्यांचे शहर. तेथे मोटाउन नावाची रेकॉर्ड कंपनी निघाली. तिचा संस्थापक बेरी गॉर्डी स्वतः मोटारीच्या कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर काम केलेला. त्या पट्ट्यावर मोटार तयार होते तशी गाणी तयार करावीत, ही त्याची कल्पना, आणि ती यशस्वी झाली. त्या कंपनीच्या साठच्या दशकातील कितीतरी गाजलेल्या गाण्यांत बास वाजविणारा माणूस एकच होता, जेम्स जेमर्सन. जगाने ती गाणी गुणगुणली, पण रेकॉर्डच्या वेष्टनावर त्याचे नाव नसे. १९७१ साली मार्विन गे याच्या एका रेकॉर्डवर ते ठळकपणे आले, तोवर त्याचे उमेदीचे दिवस मागे पडत चालले होते. १९८३ साली तो वारला.

दुसरे उदाहरण रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश संचाचे. बिल वायमन १९६२ पासून सुमारे तीस वर्षे तेथे बास वाजवीत होता. १९९३ साली त्याने संच सोडल्याचे जाहीर झाले. त्याच्या जागी डॅरिल जोन्स हा वादक आला, तो १९९४ पासून आजतागायत वाजवतो आहे. तीस वर्षांहून अधिक काळ झाला. पण संचाचा सभासद म्हणून त्याची गणना नाही. तो मोबदला घेऊन वाजविणारा वादक. त्याचा मोबदला भरभक्कम असणार. मी काही त्याच्या दारिद्र्याची कहाणी सांगत नाही. पण येथे बसलेल्या कामगार बंधूंना ही स्थिती ओळखीची वाटली असेल. जागा कायम, काम कायम, आणि काम करणारा मात्र कायम नाही!

आता माझ्या मूळ गृहस्थाकडे वळतो. त्याचे नाव राहुल राम आणि त्याच्या संचाचे नाव इंडियन ओशन. हा संच १९९० साली दिल्लीत सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती या दोघांनी उभा केला. सुस्मित गिटार वाजवी. असीम तबला वाजवी आणि गाई. राहुल राम १९९१ साली आला. हा गृहस्थ अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणातील विषारी द्रव्यांच्या शास्त्रात डॉक्टरेट घेऊन परतलेला. एवढे शिकलेला माणूस परत येऊन काय करतो? तर नर्मदा बचाव आंदोलनात जातो, आणि बास गिटार वाजवतो.

नर्मदेचा प्रश्न आपल्याला परका नाही. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावांपैकी ३३ गावे महाराष्ट्रातील, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील. तेव्हा ते तालुके धुळे जिल्ह्यात होते, १९९८ पासून नंदुरबारमध्ये आहेत. मणिबेली हे त्यांतील पहिले, १९९३ च्या पावसाळ्यात तेथे पाणी शिरले. त्याच वर्षी जागतिक बँकेच्या पैशाचा ओघ या धरणाकडून थांबला. पुढे धरण पूर्ण झाले आणि २०१७ साली त्याचे लोकार्पणही झाले. आंदोलन जिंकले की हरले याचा हिशेब आज मी मांडीत नाही. पण त्या खोऱ्यात हिंडताना राहुल राम यांच्या कानावर नर्मदामाईचे एक गाणे पडले, ते त्यांनी संचात आणले, आणि ‘मा रेवा’ या नावाने ते २००० सालच्या ‘कंदिसा’ या ध्वनिमुद्रिकेत आले. गावे पाण्याखाली गेली, पण त्या काठचे गाणे आज असे लोक ऐकतात की ज्यांनी नर्मदा कधी पाहिली नाही.

त्या एकाच ध्वनिमुद्रिकेत काय काय आहे पाहा. ‘कंदिसा’ हे केरळातील सीरियन ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनेचे नाव, आणि तिची भाषा अरामाईक, म्हणजे प्रत्यक्ष येशू ख्रिस्ताच्या काळची. शेजारीच गोरख पांडे या क्रांतिकारक कवीचे भोजपुरी गाणे. पुढच्या ध्वनिमुद्रिकेत कबीर. १९९४ साली संचात आलेला अमित किलम ढोल वाजवतो आणि गबगुबीही वाजवतो. गबगुबी म्हणजे आपल्या आराधी मंडळींच्या चौंडक्याच्या जातीचे वाद्य. तेव्हा माहूरच्या रेणुकेच्या वाटेवर ज्याने चौंडके ऐकले आहे त्याने या संगीताला परके मानण्याचे कारण नाही.

कामगारांशी या संचाचा संबंध आणखी एका वाटेने येतो. दिल्लीजवळ साहिबाबादच्या औद्योगिक वसाहतीत, झंडापूर येथे, १ जानेवारी १९८९ रोजी सफदर हाश्मी हा रंगकर्मी कामगारांसाठी पथनाट्य करीत असताना त्याच्यावर हल्ला झाला. दुसऱ्या दिवशी तो वारला. राम बहादूर नावाचा एक कामगारही त्या हल्ल्यात मारला गेला. सफदरच्या स्मरणार्थ ‘सहमत’ ही संस्था निघाली. तिच्याच कार्यक्रमात इंडियन ओशनने केलेले प्रत्यक्ष वादन ध्वनिमुद्रित होऊन ‘डेझर्ट रेन’ या नावाने १९९७ साली बाहेर आले. स्टुडिओत दहादा पुसून दहादा लिहिलेले हे संगीत नव्हे. समोर माणसे बसलेली, आणि एकदा वाजले ते वाजले.

आता माझ्या विषयाच्या गाभ्याशी येतो. एखादा संच सुरू करणे सोपे आहे. तो टिकतो कसा? मुंबईचेच उदाहरण घ्या. १९८४ साली तेथे रॉक मशीन नावाचा संच निघाला. उदय बेनेगल, महेश तिनईकर, मार्क सेल्विन ही त्यातली नावे. सेल्विन बास वाजवी. १९९३ साली त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केले, उत्तम काम केले, आणि १९९७ साली संच थांबला. २०१० साली तो पुन्हा जमला तो नव्या बासवादकाला घेऊन. यात कोणाला दोष द्यावयाचा नाही. माणसे एकत्र येणे जितके नैसर्गिक तितकेच पांगणेही नैसर्गिक. नवल टिकण्याचे आहे.

इंडियन ओशनवर आघात आले नाहीत असे नाही. २५ डिसेंबर २००९ रोजी असीम चक्रवर्ती हृदयविकाराने वारले. ज्याच्या गळ्याने संच ओळखला जाई तो गळाच गेला. बाकीच्यांनी काय केले? असीमच्या आवाजात आधी ध्वनिमुद्रित झालेली गाणी त्यांनी २०१० मध्ये, दर महिन्याला एक याप्रमाणे, लोकांना फुकट दिली, आणि त्या ध्वनिमुद्रिकेला ‘१६/३३० खजूर रोड’ असे नाव दिले. हे नाव म्हणजे दिल्लीच्या करोल बागेतील एका जुन्या घराचा पत्ता आहे. त्या घरात ही मंडळी वर्षानुवर्षे बसून सराव करीत. मला यात फार अर्थ दिसतो. संघटना ही सभेच्या मंचावर घडत नाही. ती ज्या खोलीत रोज चहा होतो, भांडण होते आणि दुसऱ्या दिवशी तीच माणसे पुन्हा येऊन बसतात, त्या खोलीत घडते. पुढे २०१३ साली दुसरे संस्थापक सुस्मित सेन बाजूला झाले. म्हणजे ज्या दोघांनी संच काढला त्यांपैकी एकही उरला नाही. तरीही नवे गायक, नवे गिटारवादक, नवे तबलावादक आले. २०१४ साली ‘तंदानु’ आणि २०२३ साली ‘तू है’ या ध्वनिमुद्रिका निघाल्या. आणि १९९१ पासून आजपर्यंत, या सर्व काळात, खर्जाची तार ज्याच्या हाती होती तो माणूस जागचा हलला नाही.

हे कसे घडले याची माझी उपपत्ती अशी. पहिली गोष्ट, संचाचे नाव कोणा एका माणसाचे नाही. ‘ब्लॅक फ्रायडे’ हा १९९३ च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांवरचा चित्रपट, किंवा २०१५ सालचा ‘मसान’ घ्या. संगीतकाराच्या जागी एका व्यक्तीचे नाव नाही, संचाचे आहे. आपला फड मालकाच्या नावाने चालतो. मालक कर्तबगार असेल तोवर फड चालतो, त्याच्या घरात वारस निघाला तर पुढेही चालतो. पण ढोलकीवाल्याने पंचवीस वर्षे वाजविले म्हणून फड त्याचा होत नाही. दुसरी गोष्ट, या संचात बासवाला मागे अंधारात उभा राहिला नाही. राहुल राम गातात, श्रोत्यांशी बोलतात, थट्टामस्करी करतात. खर्जाची तार पुढे आली म्हणून तंबोरा काही बेसूर झाला नाही!

येथे एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. कोणी म्हणेल, अहो, कलेत समानता कशी चालेल? चाल बांधणारा एक, साथ करणारे चार. प्रतिभा काय मस्टरवर हजेरी लावून येते? मी मान्य करतो की प्रतिभा सर्वांना सारखी मिळत नाही. शाहिराचे स्थान शाहिराचे. पण प्रतिभावंताला पहिला मान द्यावा, यावरून इतरांचे नावही घेऊ नये, हे कसे निघते? १९४४ सालच्या लाल बावटा कलापथकातील तीन नावे आपण आदराने घेतो: अण्णाभाऊ साठे, अमर शेख, द. ना. गव्हाणकर. घेतलीच पाहिजेत. पण त्यांच्यामागे झील कोणी धरली, डफ कोणी वाजविला? शाहीर श्वास घेण्यासाठी थांबत तेव्हा गाणे ज्यांनी पडू दिले नाही, त्यांची नावे येथे जमलेल्यांपैकी किती जणांना सांगता येतील? माझ्यासारख्या, कामगारांच्या चळवळीत जन्म घालविणाऱ्यालाही ती सांगता येत नाहीत, ही गोष्ट मला टोचते.

आणि हा प्रश्न केवळ मानाचा नाही, भाकरीचाही आहे. आपल्या देशात कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. १९९४ च्या दुरुस्तीने गाणाऱ्या-वाजविणाऱ्याचा आपल्या सादरीकरणावरील हक्क मान्य झाला, आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्या सादरीकरणाचा धंद्यासाठी वापर झाल्यास मोबदल्यात वाटा ठेवला. फार चांगले झाले. पण कलावंत कोणास म्हणावे, हे सांगताना त्याच कायद्यात एक मेख मारलेली आहे. चित्रपटात ज्याचा सहभाग प्रासंगिक वा आनुषंगिक आहे, आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत कोठेही येत नाही, त्याला कलावंत समजू नये; फक्त कामाची विटंबना झाल्यास हरकत घेण्यापुरता त्याचा हक्क राखला आहे. अमुक वादकाचे काम प्रासंगिक की महत्त्वाचे, याचा वाद वकील घालतील. मला दिसते ते असे की, दोनांपैकी एक अट रिवाजाच्या हाती दिलेली आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याकडच्या आणि इतर वादकांच्या पिढ्याच्या पिढ्या खपल्या. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बास गिटार वाजवीत. ती गाणी येथील लग्नांत बेंजोवाले आजही वाजवितात, पण पडद्यावर नाव संगीतकाराचे. रिवाजच तसा होता. आणि नाव नसण्याचा रिवाजच पुढे हक्क नसण्याचे कारण होऊ शकतो!

मंडळी, हमालाला हे समजावून सांगावे लागत नाही. पूर्वी मजुरी मुकादमाच्या हाती पडे. टोळीत दहा माणसे की बारा, ती कोण, हे फक्त मुकादमाला ठाऊक. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्याने केलेले पहिले मोठे काम कोणते? हमालाचे नाव मंडळाच्या नोंदवहीत लिहिले. आधी नाव, मग मजुरीचा हिशेब, मग भविष्यनिर्वाह निधी, मग दवाखाना. ज्याचे नाव वहीत नाही त्याच्या पाठीवरचे पोते कोणाला दिसत नाही. आजही हा कायदा सर्व ठिकाणी सारखा पोचलेला नाही, आणि जिनिंगमध्ये हंगामापुरता येणारा मजूर तर नावाशिवाय येतो आणि नावाशिवाय जातो.

चळवळीतले एक उदाहरण सांगतो. आमच्या एका संपात भाषणे करणारे आम्ही सहा-सात जण होतो. पण संप बावीस दिवस टिकला तो एका उतारवयाच्या हमालामुळे. तो एकदाही बोलावयास उभा राहिला नाही. सकाळी सर्वांच्या आधी येऊन सतरंजी घाली, कोणाच्या घरी पीठ संपले ते पाही, जमलेल्या धान्याची वाटणी वहीत मांडी, आणि रात्री सतरंजी घडी करून घरी जाई. तो एक दिवस आला नाही, त्या दिवशी दुपारी माणसे उठून जाऊ लागली. कारण विचारले तर कोणालाच सांगता येईना. खर्जाची तार उतरली होती, एवढेच. तडजोड झाली, फोटो निघाला, आणि फोटोत आम्ही भाषणवालेच होतो.

म्हणून माझे आपल्याला सांगणे असे आहे. येथे भजनी मंडळे आहेत, परमेश्वराच्या यात्रेत राबणारी मंडळे आहेत, वाचनालय आहे, पतसंस्था आहेत, आमची संघटना आहे. या साऱ्या संस्थांनी वर्षातून एकदा आपापल्या वहीत पाहावे की, आपली खर्जाची तार कोण आहे, आणि तिचे नाव लिहिले आहे की नाही. निमंत्रणपत्रिकेत मृदंगवाल्याचे नाव घालावे. तबला वाजविणाऱ्या पोराला बिदागी कीर्तनकाराच्या हातून नव्हे, त्याच्या स्वतःच्या हाती द्यावी. व्याख्यानमालेचा हा ग्रंथ छापाल तेव्हा मांडव घालणाऱ्यांची आणि ध्वनिक्षेपक सांभाळणाऱ्यांची नावे शेवटच्या पानावर घालावीत. त्याला खर्च येईल तो दोन ओळींच्या शाईचा. कायदा बदलायला वर्षे लागतात. रिवाज बदलायला आपली पुढची पत्रिका पुरते.

 ध्वनिक्षेपकावर बसलेले ते दोघे तरुण तासभर हलले नाहीत, म्हणून माझा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचला. त्यांचे आभार मी मानतो, आणि भाषण संपवितो.